फोर्ट कोचीत विकणाऱ्याचं नाव कुणी घेत नाही

मी क्रूझवर जाऊन आले हे कळल्यावर चळवळीतल्या एका मित्राचा मेसेज आला, 'अभिनंदन ताई, तुम्हीही मध्यमवर्गीय झालात.' त्याला तेव्हा उत्तर दिलं नाही, कारण उत्तर लांबलचक होतं. ते इथे लिहिते आहे.

आधी तिकिटाचा हिशेब देऊन टाकते. तिकीट धाकट्या भावानं काढलं. तो पुण्यात आयटीत आहे. आईला साठ पूर्ण झाली, बाबा जाऊन सहा वर्षं झाली. आईनं आयुष्यभर अंगणवाडी चालवली, मानधनावर. सरकारनं तिला कधी कर्मचारी म्हटलं नाही, सेविका म्हटलं. आईचा समुद्राशी संबंध एवढाच, की दरवर्षी ६ डिसेंबरला दादरला रांगेत उभं राहिलं की तो दिसायचा. चैत्यभूमीच्या मागे असतं ते पाणी, म्हणजे समुद्र. त्या पाण्यावर एकदा आईला न्यायचं, असं भावाच्या मनात होतं. एकटीला पाठवायला नको म्हणून मी सोबत. आपल्या माणसांनी मौज केली की लगेच खुलासा मागायचा, ही सवय आपल्याला कुणी लावली याचाही एकदा विचार व्हायला हवा. पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

मुंबईहून निघालेलं जहाज एक पूर्ण दिवस समुद्रात राहून तिसऱ्या दिवशी सकाळी कोचीला लागणार होतं. जहाजाबद्दल फार लिहीत नाही. खाणं भरपूर, संगीत कर्कश, खोल्या साफ करणारी मुलं चोवीस-पंचवीस वर्षांची आणि कायम हसरी. आईला ते हसू पहिल्याच दिवशी खटकलं. 'इतकं हसायचेही पैसे मिळतात का यांना?' तिनं विचारलं.

कोचीची मात्र मी वाट पाहत होते. एम.ए.ला असताना केरळच्या जातिव्यवस्थेवर जे थोडंफार वाचलं त्यात एक प्रसंग होता, तो तेव्हापासून डोक्यात बसला आहे. १९१३ साल. कोचीन संस्थानातल्या पुलया लोकांना आपली सभा घ्यायची होती. पुलया ही केरळातली शेतमजुरांची अस्पृश्य जात. भाताची खाचरं, खाऱ्या पाण्याचे बांध, चिखलातली सगळी मेहनत त्यांची. पण सभा घ्यायची कुठे? एर्नाकुलमला जमीन राजाची, आणि राजाच्या जमिनीवर पुलयांना जमायला बंदी. मग त्यांनी होड्या आणल्या, खाडीच्या पाण्यात एकीला एक बांधल्या, वर फळ्या टाकल्या आणि पाण्यावर सभा घेतली. मल्याळममध्ये त्याला कायल सम्मेलन म्हणतात. कायल म्हणजे खाडीचं पाणी. कृष्णादी आशान, के. पी. वल्लोन हे पुलया नेते आणि मच्छीमार समाजातले पंडित करुप्पन हे त्यामागे होते. बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले ते १९२७ ला. त्याच्या चौदा वर्षं आधी, त्या टोकाला, आपल्यासारखीच माणसं पाण्याचा आणि माणूसपणाचा हिशेब वेगळ्या तऱ्हेनं मांडत होती.

म्हणून तिसऱ्या दिवशी पहाटेच आईला उठवून डेकवर नेलं. जहाज खाडीच्या तोंडातून आत शिरतं तेव्हा उजवीकडे फोर्ट कोची असतं, डावीकडे वायपीन बेट. दोन्हीकडे ती प्रसिद्ध चिनी जाळी, मोठ्या लाकडी सांगाड्यांवर टांगलेली. लोक मोबाईल वर करून उभे होते. आत गेलं की डावीकडे वल्लारपाडमचं कंटेनर टर्मिनल, त्यापलीकडे बोलगट्टी आणि मुलवुकाडचं बेट, समोर एर्नाकुलमच्या इमारती. आईला मी हातानं दाखवलं, 'याच पाण्यात.' आई बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, 'लाटा नाहीत ना इथं फारशा. म्हणूनच बांधता आल्या असतील होड्या.'

जहाज लागलं विलिंग्डन बेटावर. हे बेट निसर्गाचं नाही. रॉबर्ट ब्रिस्टो नावाचा इंग्रज इंजिनिअर १९२० मध्ये आला, त्यानं खाडीच्या तोंडाचा गाळ उपसून खोल मार्ग केला, आणि त्या गाळाची भर टाकून हे बेट घडवलं. १९२८ मध्ये पहिलं मोठं जहाज आत आलं. आमच्या सहलीची माहिती सांगणाऱ्या बाईंनी ब्रिस्टोचं नाव तीनदा घेतलं. गाळ कुणी वाहिला ते एकदाही नाही. मला सवयीनं ते ऐकू येतं, इतरांना येत नसावं.

ही 'शोअर एक्स्कर्शन' म्हणजे माणशी वेगळे पैसे भरून घ्यायची चार तासांची बससहल. बसमध्ये बहुतेक मुंबई-पुण्याचे, काही गुजराती कुटुंबं. गाईड मल्याळी, पंचविशीतली, हिंदी छान बोलणारी. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. तिला कंपनीनं जे पाठ करून दिलं ते ती प्रामाणिकपणे सांगत होती, आणि खरं तर तेच माझ्या काळजीचं कारण आहे.

सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये वास्को द गामाच्या थडग्याची जागा दाखवली. १५२४ मध्ये तो कोचीतच मेला, पुढे त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले. रिकाम्या थडग्याभोवती कठडा आहे. लोकांनी त्याच्याशेजारी फोटो काढले. मग सांताक्रूझचं चर्च, डचांची दफनभूमी, मसाल्याची जुनी गोदामं. गोष्ट अशी चालली होती: आधी पोर्तुगीज आले, मग १६६३ मध्ये डच आले, मग १७९५ मध्ये इंग्रज आले. आले आणि गेले. जणू गावात फक्त पाहुणेच राहत होते.

मट्टांचेरीच्या वाटेवर गाईड म्हणाली, 'आता एक भुताची गोष्ट.' बस सावध झाली. मंगाटुमुक्कू नावाच्या भागात एका भिंतीला लागून एक साधंसं ठाणं आहे. मूर्ती नाही. तिथे कप्पिरी मुत्तप्पनला लोक विडी-चिरूट, ताडी, मासळी ठेवतात. कप्पिरी म्हणजे आफ्रिकन गुलाम. कोकणीतला 'खाप्री' तोच. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गुलाम आणले होते. आख्यायिका अशी, की डच चालून आले तेव्हा पोर्तुगीजांनी आपला खजिना भिंतींत, झाडांखाली पुरला आणि त्याची राखण करायला एकेका गुलामाला मारून सोबत पुरलं. तोच कप्पिरी अजून भिंतीवर बसून चिरूट ओढतो आणि हरवलेल्या वस्तू शोधून देतो. बसमध्ये हशा पिकला. एका मुलानं विचारलं, खजिना सापडला का?

आई हसली नाही. माझ्या कानाशी म्हणाली, 'मारून पुरलं आणि वर राखण पण त्यानंच करायची?'

मला या ठाण्याचं मोल वाटतं. मट्टांचेरीच्या गरीब माणसांनी चारशे वर्षांपूर्वीच्या एका परक्या गुलामाला विसरायचं नाकारलं. त्याला आजोबा म्हटलं, त्याच्यासमोर आपल्या ताटातलं ठेवलं. राजवाड्यातल्या कुठल्याही चित्रापेक्षा हा इतिहास जास्त खरा आहे. पण त्याच क्षणी मला दुसरा प्रश्न पडला, आणि मी तो गाईडला विचारला. बाहेरून आणलेल्या गुलामाची गोष्ट सांगितलीत, इथून बाहेर पाठवलेल्यांची सांगणार का?

ती गोंधळली. तिला ते माहीतच नव्हतं. तेव्हा मी बसमध्ये जे दोन मिनिटांत सांगितलं ते इथे जरा सविस्तर सांगते.

डच ईस्ट इंडिया कंपनीकडे कोचीन १३२ वर्षं होतं. या बंदरातून मिरी जायची हे सगळे सांगतात. याच बंदरातून माणसंही जायची. सिलोनला, बटाव्हियाला म्हणजे आजच्या जकार्ताला, आणि आफ्रिकेच्या टोकाला केपला. केपटाउनच्या जुन्या नोंदींत गुलामांची नावं 'अमुक व्हॅन मलबार', 'तमुक व्हॅन बंगाल' अशी येतात. आडनावाच्या जागी कुठून उचललं ते ठिकाण. आणि डचांच्या कोचीनच्या दप्तरात अठराव्या शतकातले गुलामांच्या खरेदी-विक्रीचे दस्त आहेत. त्यांत विकल्या जाणाऱ्या माणसाची जातही लिहिलेली सापडते. पुलया हे नाव त्यांत आहे.

इथे थांबून विचार करायला हवा. खरेदीखतात जात का लिहायची? मिरीच्या पोत्यावर कुणी वेलीची जात लिहीत नाही. मला त्याचा अर्थ असा लागतो, की जात हाच मालकीचा पुरावा होता. घेणाऱ्या परक्या कंपनीला खात्री हवी होती, की हा माणूस विकण्याजोगा आहे. ती खात्री इथल्या समाजव्यवस्थेनं आधीच करून ठेवली होती. पुलया जमिनीबरोबर विकला जायचा, जमिनीवाचूनही विकला जायचा, गहाण ठेवला जायचा, खंडानं दिला जायचा. या व्यवहारांना जमिनीच्या व्यवहारांचीच नावं होती. मालक नंबुद्री होते, नायर होते, देवस्थानं होती, सीरियन ख्रिश्चन घराणीही होती. युरोपियनांनी कोचीत येऊन गुलामी सुरू केली नाही, त्यांना ती तयार मिळाली. त्यांनी तिला जहाज जोडलं.

बाबासाहेबांनी गुलामी आणि अस्पृश्यता यांची तुलना केली आहे. गुलामाला निदान मालकाच्या लेखी किंमत असते, अस्पृश्याची जबाबदारी कुणावरच नसते, असा त्यांचा मुद्दा. मलबारच्या पुलयांच्या वाट्याला दोन्ही एकदम आलं. ते विकत घेता येत होते आणि शिवता येत नव्हते. बाजारात किंमत आणि रस्त्यावर विटाळ. जगातल्या गुलामीच्या इतिहासात ही जोडणी वेगळी आहे, आणि तिच्यावर जितकं बोललं जायला हवं तितकं आपणही बोलत नाही.

बसमध्ये अर्थातच मी एवढं बोलले नाही. चार वाक्यं बोलले. मागच्या सीटवरून एक काका म्हणाले, 'अहो ताई, सुट्टीत तरी जात बाजूला ठेवा. फिरायला आलोय ना आपण?' आवाजात राग नव्हता. समजूत घालणारा, घरगुती आवाज होता. दोन बायकांनी मान डोलावली.

मी त्यांना म्हटलं, 'काका, सकाळपासून आपण जातच ऐकतो आहोत. राजा क्षत्रिय होता हे ऐकलं. गोव्यातून पोर्तुगीजांच्या जाचाला कंटाळून सारस्वत इथे आले हे ऐकलं, तेव्हा तुम्ही टाळ्या वाजवल्यात. ज्यू आले, सीरियन ख्रिश्चन सेंट थॉमसपासूनचे, हे ऐकलं. ती संस्कृती झाली. मी एक नाव जोडलं तर जात झाली?'

काका गप्प झाले. पटले म्हणून नव्हे, वाद नको म्हणून. हा फरक आता मला ओळखता येतो. गाईडनं माईक घेतला आणि पुढचं स्थळ जाहीर केलं.

पुढचं स्थळ मट्टांचेरीचा राजवाडा. त्याला डच पॅलेस म्हणतात, पण बांधला पोर्तुगीजांनी, १५५५ च्या सुमारास, कोचीनच्या राजाला भेट म्हणून. डचांनी नंतर दुरुस्त केला. नावावरूनच राजा आणि व्यापारी यांचं नातं कळतं. आत रामायणाची भित्तिचित्रं, राजांच्या तसबिरी, शस्त्रं आणि पालख्या. पालखीपाशी फोटोंची गर्दी होती. जवळच यहुदी वस्तीत १५६८ चं सिनेगॉग आहे, तेही पाहिलं. ज्यांना युरोपात छळलं त्यांना कोचीच्या राजानं आसरा दिला, हे गाईडनं अभिमानानं सांगितलं. ते खरंच आहे, आणि चांगलंच आहे. मला फक्त एवढंच सुचत होतं, की समुद्र ओलांडून आलेल्यांना राजवाड्याच्या भिंतीला लागून जागा देणाऱ्या याच राजघराण्याच्या राज्यात, १९१३ पर्यंत, त्याच मातीतल्या पुलयांना सभेपुरती जागा नव्हती. सहिष्णुतेच्या गोष्टी सांगताना कुणाबद्दलची सहिष्णुता, हे विचारायचं राहून जातं.

आता आपल्या लोकांशी एक बोलायचं आहे. वसाहतवादाचा विषय निघाला की आपल्यात दोन टोकं दिसतात. एक म्हणतं, इंग्रज आले म्हणून आपण सुटलो, त्यांचे आभार माना. दुसरं टोक हल्ली वाढतं आहे. ते म्हणतं, सगळं दुःख गोऱ्यांनी आणलं, जातसुद्धा त्यांनीच जनगणनेत घट्ट केली. कोची दोघांनाही उत्तर देतं. दुसऱ्या टोकाचं उत्तर वर आलंच. खरेदीखतातली जात १८७१-७२ च्या जनगणनेच्या कितीतरी आधीची आहे. पहिल्या टोकासाठी एवढं सांगते, की इंग्रजांनी मलबार घेतल्यावर अंजरकंडीला कंपनीचा मसाल्याचा मळा निघाला, तिथेही पुलया गुलामच राबले. ब्रिटिश हिंदुस्थानात गुलामीला कायद्याचा आधार काढून घेणारा कायदा १८४३ चा. कोचीन संस्थानानं १८५४ मध्ये गुलामी बंद केली, त्रावणकोरनं १८५५ मध्ये. त्यानंतर ५९ वर्षांनी लोकांना होड्या बांधाव्या लागल्या. कागदावर गुलाम सुटला, अस्पृश्य तसाच राहिला. १९३० मध्ये पहिल्या गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी इंग्रजांना तोंडावर हेच विचारलं होतं: तुमच्या आधी आम्हाला विहिरीवर पाणी मिळत नव्हतं, तुमच्या राज्यात मिळालं का? त्यांनी परक्याचा जाब आणि आपल्यांचा जाब एकाच भाषणात मागितला. आपण त्यातला एकच का निवडतो?

बंदरानं काम दिलं असंही म्हणतात. कोचीच्या धक्क्यावर जुन्या काळी चाप्पा पद्धत होती. कंत्राटदाराचा माणूस धातूची बिल्ली गर्दीत फेकायचा, जो झोंबून मिळवेल त्याला त्या दिवसाचं काम. १९५३ मध्ये या पद्धतीविरुद्ध उठलेल्या कामगारांवर मट्टांचेरीत पोलिसांनी गोळीबार केला, माणसं मेली. माझे बाबा मशीद बंदरला माथाडी होते. १९६९ च्या माथाडी कायद्याच्या आधी त्यांच्या वडिलांच्या पिढीला नाक्यावर कसं उभं राहावं लागे, ते बाबा सांगायचे. हे आईला सांगितलं तेव्हा ती त्या गोदामांकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागली. आता त्यातल्या काही गोदामांत कॅफे आहेत. कॉफी महाग, पण चांगली होती.

परतताना पुलावर वाहतूक तुंबली होती. गाईड माझ्याजवळ येऊन बसली. हळूच म्हणाली, 'मॅडम, ते बोटींचं पुन्हा सांगाल? मी इथलीच आहे. शाळेत एक ओळ होती बहुतेक, आम्ही पाठ केली आणि विसरलो.' मी सांगितलं. मग दाक्षायणी वेलायुधन यांच्याबद्दलही सांगितलं. समोरच्या मुलवुकाड बेटावर १९१२ मध्ये जन्मलेली पुलया मुलगी. होड्यांच्या सभेमागे तिच्याच घरची माणसं होती. महाराजा कॉलेजात ती रसायनशास्त्र शिकली. तिथे शिक्षिका तिला प्रयोग जवळून दाखवत नसत, म्हणून लांबून बघून शिकली. १९४० मध्ये तिचं लग्न आपल्या वर्ध्याला, सेवाग्राममध्ये झालं. संविधान सभेतल्या १५ स्त्रियांपैकी दलित स्त्री ती एकटीच. ती गांधींच्या बाजूची होती, स्वतंत्र मतदारसंघांना तिचा विरोध होता, बाबासाहेबांशी तिचे मतभेद होते. म्हणून आपण तिला आपल्या यादीतून वगळावं असं मला वाटत नाही. तिनं आपल्या आत्मकथनाच्या टिपणांना नाव दिलं होतं, 'समुद्राला जात नसते'.

गाईडनं मोबाईलमध्ये नाव टिपून घेतलं. पुढच्या बसला ती ते सांगेल की नाही, कोण जाणे. कंपनीचा कागद तिच्या हातात तसाच होता.

संध्याकाळी जहाज सुटलं तेव्हा आई आणि मी पुन्हा डेकवर होतो. आता मुलवुकाड उजवीकडे आलं होतं. आई विचारत होती, होड्या कशानं बांधल्या असतील, सुंभानं की वेतानं? भरती-ओहोटीची वेळ बघून ठेवली असेल का? माणसं किती मावली असतील एकेका होडीत? सगळे व्यवहारातले प्रश्न. अंगणवाडीच्या मेळाव्यांना सतरंज्या आणि मांडव जमवणाऱ्या बाईचे प्रश्न. मग म्हणाली, 'ती मुलगी, ती तेव्हा केवढी?'

'वर्षाचीही नव्हती.'

'म्हणजे आईच्या कडेवर,' आई म्हणाली.

खालून वायपीनकडे जाणारी एक फेरीबोट आमच्या आडवी गेली. कामावरून परतणाऱ्या बायकांनी भरलेली, कडेला उभ्या राहून त्या जहाजाकडे बघत होत्या. आईनं कठड्यावरून वाकून हात हलवला. आधी कुणाचं लक्ष गेलं नाही. मग एकीनं डोक्यावरची छत्री वर केली, आणि पाठोपाठ बाकीच्यांनी हात.